सही न झालेली नोंदवही

आपल्याकडे एखाद्या संस्थेची स्मरणिका निघाली की पहिल्या चार पानांवर काय असणार ते ठरलेलं असतं. कोनशिलेचा फोटो, दीपप्रज्वलन, हार घातलेले संस्थापक, पहिल्या विश्वस्त मंडळाची पुसट झालेली रांग. इटलीच्या ईशान्य टोकाला त्रिएस्ते नावाचं बंदर आहे. तिथं मानसिक आरोग्याची जी सार्वजनिक सेवा चालते तिची स्मरणिका काढायची म्हटली तर संपादकाची पंचाईत होईल. तिला कोनशिला नाही. स्थापनेचं वर्ष विचारलं तर कुणी 1961 सांगेल, कुणी 1971, कुणी 1973 मधला एक रविवार, कुणी 13 मे 1978. बांधकामाचा फोटो तर मिळणारच नाही, कारण ही सेवा उभी राहिली ती डोंगरउतारावरचं एक अवाढव्य मनोरुग्णालय रिकामं करत करत.

11 मार्च 2024 रोजी फ्रांको बझालिया यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. शताब्दीच्या लेखांत एकट्याचं नाव मोठं होतं, आणि ते स्वाभाविकही आहे. पण या कामाचे कागद चाळताना मला सारखं वाटत राहिलं की इथं संस्थापक हा शब्द एकवचनात वापरला तर कामाच्या मूळ स्वभावाशीच विसंगत होतं. कुणी सही नाकारली, कुणी सही केली, कुणी दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवलं, कुणी मोठमोठ्या चाव्यांचा जुडगा खाली ठेवला. हे सगळे मिळून या सेवेचे संस्थापक होतात.

फ्रांको मूळचे व्हेनिसचे, खात्यापित्या घरातले. वैद्यकीचं शिक्षण चालू असताना फॅसिस्टविरोधी गटात होते, 1944 मध्ये पकडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिले. पुढं पादुआच्या विद्यापीठात तेरा वर्षं मानसोपचार शिकले-शिकवले. हुस्सर्ल आणि सार्त्र वाचणारा हा सहायक तिथल्या विभागाच्या फारसा पचनी पडला नाही. त्याला सगळे ‘तत्त्वज्ञ’ म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणा जास्त होता. प्राध्यापकपद मिळायचं लक्षण दिसेना. 1961 मध्ये सीमेवरच्या गोरित्सिया गावात मनोरुग्णालयाच्या संचालकाची जागा निघाली. विद्यापीठातल्या माणसानं अशी जागा घेणं म्हणजे अडगळीत जाणं. ते गेले.

त्या रुग्णालयाची भिंत आणि युगोस्लाव्हियाची सरहद्द जवळजवळ एकच होती. आत सहाशेच्या आसपास माणसं. ती तिथं कशी आली हे समजायला 1904 चा इटालियन कायदा बघावा लागतो. स्वतःला वा इतरांना धोकादायक असलेल्या किंवा ‘सार्वजनिक लज्जास्पद’ वागणाऱ्या मनोरुग्णाला आत घालावं, असा तो कायदा. आत गेलेल्याचे नागरी हक्क जात आणि त्याचं नाव गुन्हेगारांच्या नोंदीत चढे. आपल्याकडचा 1912 चा ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ याच पिढीतला, आणि तो 1987 च्या कायद्यानं हटवला जाईपर्यंत टिकला. तेव्हा इटलीला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

तुरुंगाचा वास बझालियांच्या ओळखीचा होता. मनोरुग्णालयात पाऊल टाकलं तेव्हा तोच वास आला, असं त्यांनी पुढं सांगितलं आहे. आणि रुजू झाल्याबरोबरची ती प्रसिद्ध गोष्ट. आदल्या रात्री कुणाकुणाला खाटेला बांधलं त्याची नोंदवही मुख्य परिचारकानं नव्या संचालकापुढं ठेवली. संचालकानं रोज त्यावर सही करायची, ही रीत. बझालियांनी वही वाचली आणि व्हेनिसच्या बोलीत म्हणाले, मी सही करत नाही. एवढंच. भाषण नाही, परिपत्रक नाही. पण संचालकाची सही नाही म्हटल्यावर बांधण्याची जबाबदारी बांधणाऱ्याच्या अंगावर आली, आणि वॉर्डातला प्रत्येक पट्टा अचानक प्रश्न होऊन बसला. कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला या नकाराचं वजन लगेच कळेल.

त्यानंतरची वर्षं चिकाटीची. विजेचे झटके थांबले, पट्टे निघाले, जाळ्या उतरल्या, एकेक वॉर्ड उघडला. रुग्णांना स्वतःचे कपडे मिळाले, कपाटाला किल्ली मिळाली. स्कॉटलंडमध्ये मॅक्सवेल जोन्स यांनी चालवलेल्या उपचारसमूहाकडे पाहून रोजची सभा सुरू झाली. डॉक्टर, परिचारक, रुग्ण, आलेला पाहुणा, सगळे एका खोलीत, खुर्च्या वाटेल तशा, कुणीही बोलावं. सभेत सहलीचा खर्च, बारमधल्या कॉफीचा भाव, कोण कुणावर ओरडलं, असे विषय असत. बझालिया औषधांच्या विरोधात नव्हते, आणि आजार नसतोच असंही त्यांनी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की आजार थोडा वेळ कंसात ठेवा आणि आधी समोरच्या माणसाकडं बघा. इतकी वर्षं कोंडल्यामुळं काय झालं आणि आजारामुळं काय झालं हे तोवर वेगळं करताच येणार नाही.

आता फ्रांका. फ्रांका ओंगारो, जन्म 1928, व्हेनिस. 1953 मध्ये फ्रांकोंशी लग्न झालं, दोन मुलं झाली. मानसोपचाराचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. त्या लेखिका होत्या, मुलांसाठी लिहीत. ‘कोर्रिएरे देई पिक्कोली’ या गाजलेल्या बालसाप्ताहिकासाठी त्यांनी ओडिसीची कथा लिहिली आणि तिची चित्रं काढली ह्यूगो प्रॅट यांनी. ओडिसी म्हणजे घर सोडून भरकटलेल्या आणि परतीची वाट शोधणाऱ्या माणसाची कथा. योगायोगावर फार भार टाकू नये, हे खरं.

गोरित्सियात त्यांचं घर आणि काम यांच्यात भिंत उरली नाही. संध्याकाळी फ्रांको बोलत, फ्रांका टंकत, मग वाद, मग पुन्हा टंकणं. फ्रांकोंची वाक्यं तत्त्वज्ञानाच्या जंगलात शिरत, आणि वाचकाला कळेल असा रस्ता फ्रांका काढत. अर्व्हिंग गॉफमन यांचं ‘असायलम्स’ हे पुस्तक इटालियनमध्ये आणलं त्यांनी. बंदिस्त संस्था माणसाचं काय करते, याचं बारीक वर्णन त्या पुस्तकात आहे, आणि गोरित्सियातल्या तरुण डॉक्टरांना ते आपल्याच वॉर्डाचं वर्णन वाटलं. 1968 मध्ये एनाउदी प्रकाशनानं ‘लिस्तित्युत्सिओने नेगाता’ म्हणजे ‘नाकारलेली संस्था’ हे पुस्तक काढलं. सभांची टिपणं, मुलाखती, गटातल्या अनेकांचे लेख, त्यात फ्रांकांचाही. विद्यार्थी चळवळीच्या त्या वर्षात ते हातोहात खपलं. पुढच्या वर्षी ‘मोरिरे दी क्लास्से’ हे छायाचित्रांचं पुस्तक आलं. कार्ला चेराती आणि जानी बेरेंगो गार्दिन यांनी इटलीतल्या मनोरुग्णालयांत टिपलेले फोटो आणि बझालिया पतिपत्नींचं संपादन. मुंडण केलेली डोकी, कठड्याला टेकून बसलेली माणसं, कुंपणामागचे चेहरे. त्याच सुमारास सेर्जो झावोली यांचा गोरित्सियावरचा माहितीपट सरकारी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, आणि जे आजवर डोळ्याआड होतं ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी इटालियन घरांत आलं.

मराठी वाचकाला इथं येरवडा आठवेल. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट तिथल्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, अनिल अवचट लिहिणारे, आणि दोघांच्या मिळून कामातून 1986 मध्ये त्याच आवारात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. विषय वेगळा, व्यसनमुक्तीचा. शिवाय इथं रुग्ण तपासणारी ती होती आणि कागद-पेन त्याच्याकडं. पण रुग्णालय आणि लेखणी एका छपराखाली आली की कामाला दुसरा पाय मिळतो, हे दोन्हीकडं खरं. आपल्याकडंही कितीतरी दिवस लोकांच्या तोंडी लेखकाचंच नाव आधी येई. व्हेनिसमधल्या बझालिया पतिपत्नींच्या प्रतिष्ठानाचं नाव मात्र ‘फोन्दात्सिओने फ्रांका ए फ्रांको बझालिया’ असं आहे. आधी तिचं नाव, मग त्याचं.

सगळं असं उजळत गेलं असतं तर ही वाटचाल लिहायला सोपी होती. सप्टेंबर 1968 मध्ये गोरित्सियातून एका दिवसाच्या सुटीवर घरी गेलेल्या रुग्णानं पत्नीचा खून केला. खटला बझालियांवरही झाला. वर्षं लागली, ते निर्दोष सुटले. पण त्या खटल्याआधीच शहर बदललं होतं. दारं उघडली त्याचं फळ हे, असं लोक म्हणू लागले. मला वाटतं, या कामाच्या चाहत्यांनी हा प्रसंग एका ओळीत उरकू नये. एक बाई जिवानिशी गेली, आणि कुठल्याही सिद्धांतानं ते भरून येत नाही. सुटीवर पाठवताना घरी कोण आहे, त्या घराला कुणाची मदत आहे, हे विचारायला रुग्णालयाबाहेर एकही केंद्र नव्हतं. प्रांतिक सरकार ते काढू देत नव्हतं. बझालिया निघून गेल्यावर मागं राहिलेल्या डॉक्टरांनी 1972 मध्ये, बाहेर केंद्रं मिळत नाहीत म्हणून, सगळ्यांनी मिळून राजीनामे दिले. पुढं त्रिएस्तेत जे जमलं त्याचा धडा इथं, या अपयशात आहे.

बझालियांची मधली दोन-तीन वर्षं ब्रुकलिनमधल्या मायमोनिडीस रुग्णालयात आणि पार्माजवळच्या कोलोर्नोत गेली. तिथं थांबायचं कारण नाही.

1971 मध्ये त्रिएस्ते प्रांताचे अध्यक्ष होते मिकेले झानेत्ती. वय जेमतेम तिशी, पक्ष ख्रिस्ती लोकशाहीवादी, म्हणजे बझालियांच्या डाव्या गोतावळ्याच्या दृष्टीनं पलीकडच्या बाकावरचा माणूस. इटलीत मनोरुग्णालयं तेव्हा प्रांताच्या अखत्यारीत असत. झानेत्तींनी वादग्रस्त ठरलेल्या, खटला अंगावर असलेल्या डॉक्टरला बोलावून संचालक केलं. अट बझालियांची होती: माझी माणसं मी निवडणार, त्यात पक्षांची वाटणी नको. झानेत्तींनी ती मानली आणि पुढं प्रत्येक वादळात पाळली. राजकारण्यांच्या नावानं बोटं मोडायची आपल्याला सवय असते, म्हणून हे नाव मुद्दाम ठळक लिहितो. एकानं सही नाकारली ती गोष्ट पुस्तकांत आली. दुसऱ्यानं सात वर्षं सह्या केल्या. पगारांच्या, भाड्याच्या घरांच्या, बाहेर पडलेल्यांना द्यायच्या भत्त्यांच्या. त्यावर गोष्टी रचल्या जात नाहीत.

सान जोव्हान्नीचं रुग्णालय 1908 मधलं. त्रिएस्ते ऑस्ट्रिया-हंगेरीचं बंदर होतं तेव्हा टेकडीच्या उतारावर बांधलेलं एक अख्खं गाव. सुटे सुटे वॉर्ड, झाडांचे रस्ते, चर्च, नाट्यगृह, भटारखाना, धुलाईघर. बझालिया आले तेव्हा आत सुमारे बाराशे माणसं होती आणि बहुसंख्य सक्तीनं ठेवलेली. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला दाखवा’ हे जसं आपल्याकडं हसत हसत म्हणतात, तसं या टेकडीचं नावही त्या शहरात धाक घालायला पुरेसं होतं.

इटलीभरातून तरुण डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, स्वयंसेवक येऊ लागले. फ्रांको रोतेल्ली आणि पेप्पे देल्लाक्वा त्यांतलेच, पुढं हीच सेवा चालवणारे. पण खरी परीक्षा परिचारकांची होती. वर्षानुवर्षं त्यांचं काम म्हणजे कुलूप, मोजणी आणि पहारा. आता त्यांना सांगितलं जात होतं की या बाईंना घेऊन बाजारात जा, त्यांना बूट निवडू द्या, मग कॉफी प्या आणि परत या. काहींनी विरोध केला, संघटनेकडं तक्रारी गेल्या, आणि त्यांची भीती खोटीही नव्हती: काही झालं तर आधी आपल्यालाच धरतील, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हळूहळू बरेच जण टेकडी उतरून माणसांच्या घरी जाऊ लागले. सरकारी नोकरीतल्या, निवृत्तीकडं झुकलेल्या माणसानं आपल्या कामाची व्याख्या बदलून घेणं मला पुस्तकातल्या कुठल्याही क्रांतीपेक्षा अवघड वाटतं.

बरं, कागदोपत्री मोकळं झालेल्या पण जायला जागा नसलेल्या माणसांचं काय करायचं? त्यांच्यासाठी ‘ओस्पिते’ म्हणजे पाहुणा असा नवा दर्जा काढला गेला. माणूस रुग्ण नाही, त्याच्यावर सक्ती नाही, हक्क त्याचे त्याच्याकडं. फक्त छप्पर आणि जेवण अजून इथलं. मग चार-पाच जणांना मिळून शहरात सदनिका. आपल्याकडं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या रुग्णालयांत बरी झालेली पण घरच्यांनी न नेलेली माणसं राहतात, हे त्या रुग्णालयांत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. 2017 च्या आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आणि समाजात राहण्याचा हक्कही लिहून दिला. जायचं कुठं, हा प्रश्न कायद्यानं सुटत नाही. त्याला भाड्याचे पैसे लागतात.

आणि काम लागतं. सान जोव्हान्नीत झाडलोट, धुणं, भांडी रुग्णच करत आणि त्याला ‘श्रमोपचार’ म्हणत. मोबदला सिगारेटी किंवा किरकोळ नाणी. बझालियांच्या गटानं विचारलं, काम खरं आहे तर पगार खरा का नाही? रुग्णांची सहकारी संस्था काढायचं ठरलं. ‘कोओपेरातिव्हा लाव्होरातोरी उनीती’, म्हणजे ‘संयुक्त कामगार सहकारी संस्था’. कायद्याच्या अडचणी आल्या. ज्यांचे नागरी हक्क गेलेत ते भागधारक कसे होणार, सही कशी करणार? अखेर 1973 मध्ये मान्यता मिळाली. तेच झाडू, तेच वॉर्ड, पण आता करार झाला, कामगार संघटनेच्या दरानं वेतन झालं. सहकाराच्या महाराष्ट्रात याचं मोल वेगळं सांगायला नको. या एका संस्थेच्या वाटेनं इटलीत सामाजिक सहकारी संस्थांची मोठी चळवळ उभी राहिली आणि 1991 च्या कायद्यानं तिला चौकट मिळाली: अशा संस्थेत किमान 30 टक्के कामगार वंचित गटांतले हवेत.

त्या 1973 मधल्या रविवारची गोष्ट आता. रुग्णालयात मार्को नावाचा खराखुरा घोडा होता. 1959 पासून तो धुलाईघराची गाडी ओढत असे. म्हातारा झाला, आणि त्याच्या जागी मोटार घेऊन त्याला खाटकाला विकायचं ठरलं. 1972 मध्ये रुग्णांनी प्रांताध्यक्षांना अर्ज लिहिला, तोही घोड्याच्या तोंडून: मी इतकी वर्षं इमानानं काम केलं, मला मारू नका, निवृत्त करा. झानेत्तींनी अर्ज मंजूर केला. ज्यांची सही कायद्याला चालत नव्हती त्यांनी केलेला आणि मान्य झालेला हा अर्ज आहे, म्हणून तो मला घोड्याहूनही मोठा वाटतो.

पुढच्या हिवाळ्यात नाटककार जुलियानो स्काबिया आणि फ्रांकोंचे चुलतभाऊ शिल्पकार व्हित्तोरियो बझालिया रिकाम्या ‘पी’ वॉर्डात येऊन राहिले. रोज रुग्णांबरोबर चित्रं, गाणी, बाहुल्या. काहीतरी मोठं बनवायचं ठरलं आणि सगळ्यांचं एकमत घोड्यावर झालं. लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा, चारेक मीटर उंच, निळा घोडा. निळा रंगही चर्चेतूनच ठरला. पोट पोकळ ठेवलं, त्यात प्रत्येकानं आपली इच्छा टाकायची. 25 फेब्रुवारी 1973, रविवार. मिरवणूक निघायची वेळ झाली आणि कळलं की घोडा दारातून जात नाही! बनवताना कुणी माप घेतलंच नव्हतं. खटपट झाली, शेवटी दार आणि चौकट फोडून त्याला बाहेर काढलं. टेकडीवरून मार्को काव्हाल्लो, म्हणजे ‘मार्को घोडा’, शहरात उतरला, मागं रुग्ण, परिचारक, डॉक्टर, कलाकार, बघे. आषाढी-कार्तिकीच्या आणि गणपतीच्या मुलखातल्या माणसाला हे चित्र समजावून द्यायची गरज नाही. मात्र त्या दिवशीही सगळे खूश नव्हते. काही परिचारकांनी निषेध केला. वॉर्डांची दुरवस्था तशीच असताना हा उत्सव कशाचा, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता, आणि बझालियांच्या गटातही तो खदखदत होता.

उत्तर केंद्रांतून मिळायचं होतं. 1975 पासून शहरात आणि भोवतालच्या गावांत मानसिक आरोग्य केंद्रं निघू लागली. गोरित्सियात जे मिळालं नाही ते हेच. रस्त्यावरचं साधं घर, दार उघडं, चोवीस तास माणूस हजर. कुणी औषधाला येतो, कुणी दुपारच्या जेवणाला, कुणी फक्त भांडायला. फारच बिनसलं तर काही रात्री राहायला मोजक्या खाटा. कर्मचारी निम्मा वेळ बाहेरच, कुणाच्या घरी, घरमालकाशी बोलायला, नोकरीच्या ठिकाणी. पुढं शहरात अशी चार केंद्रं झाली, आणि सर्वसाधारण रुग्णालयात तातडीसाठी सहा खाटांचा एक लहान विभाग. कुलूप नाही, बांधणं नाही. त्यातलं बार्कोलाचं केंद्र समुद्राजवळच्या एका बंगल्यात निघालं. बाहेरून ते दवाखाना वाटत नसे.

जानेवारी 1977 मध्ये बझालिया आणि झानेत्ती यांनी जाहीर केलं की सान जोव्हान्नी बंद होणार. पुढच्या वर्षी राष्ट्रीय कायदा आला, आणि त्याची जन्मकथा विलक्षण आहे. 1904 चा कायदा रद्द करावा का यावर सार्वमत घ्यायची मागणी रॅडिकल पक्षानं सह्या जमवून पुढं आणली होती. सार्वमत जूनमध्ये व्हायचं होतं. ते टाळायचं तर त्याआधी नवा कायदा हवा. त्याच वसंतात माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं अपहरण झालं, 9 मे रोजी रोममधल्या एका मोटारीत त्यांचं शव सापडलं. देश सुन्न होता. चार दिवसांनी, 13 मे 1978 रोजी, कायदा क्रमांक 180 संसदेच्या समित्यांमधूनच मंजूर झाला. मसुद्यावर मुख्य हात ब्रुनो ओर्सिनी यांचा, तेही मानसोपचारतज्ज्ञ आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी. नवीन मनोरुग्णालय बांधायचं नाही, जुन्यात नवा रुग्ण घ्यायचा नाही, सक्तीचा उपचार दोन डॉक्टरांच्या मतानं, महापौरांच्या आदेशानं आणि न्यायाधीशांना कळवूनच, तोही सात दिवसांचा. सर्वसाधारण रुग्णालयांत जास्तीत जास्त 15 खाटांचे विभाग.

लोक याला ‘बझालिया कायदा’ म्हणतात. त्यांना स्वतःला तो पूर्ण पसंत नव्हता. रुग्णालयांतले ते 15 खाटांचे विभाग उद्या लहान लहान कोठड्या होतील, ही भीती त्यांनी मंजुरीच्याच दिवसांत बोलून दाखवली, आणि ती बरीचशी खरी ठरली.

1979 मध्ये ते ब्राझीलला गेले. तिथल्या बार्बासेना गावचं मनोरुग्णालय बघून बाहेर आले आणि नाझी छळछावणीशी त्याची तुलना करून त्यांनी तिथल्या सरकारची झोप उडवली. त्या दौऱ्याचा धागा ब्राझीलच्या 2001 च्या मनोरुग्णालय सुधारणा कायद्यापर्यंत जातो. वर्षअखेरीस त्रिएस्ते रोतेल्लींकडं सोपवून ते रोमच्या लात्सिओ प्रदेशात सेवा उभारायला निघाले. सहा महिने झाले नसतील, मेंदूत गाठ निघाली. 29 ऑगस्ट 1980 रोजी व्हेनिसमध्ये ते गेले. वय 56.

कायदा दोन वर्षांचा, त्याचा सर्वांत मोठा आवाज गेलेला, आणि बहुतेक प्रदेशांत केंद्रांचा पत्ता नाही. जुनी रुग्णालयं नव्यांना घेत नव्हती, बाहेर सेवा नव्हती, मधल्या मधे घरं पिळून निघाली. आजारी मुलाला एकटी सांभाळणारी आई, रात्रभर जागणारे वडील. त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांनी संसदेपुढं निदर्शनं केली, कायदा मागं घ्या म्हणाल्या. या लोकांना प्रतिगामी म्हणून उडवून लावणं सोपं होतं, आणि काहींनी ते केलंही. फ्रांकांनी केलं नाही. 1980 च्या दशकात स्वतंत्र डाव्या गटातर्फे त्या सिनेटवर गेल्या आणि दोन कार्यकाळ याच कामाला जुंपून राहिल्या. कायदा रद्द करायचे प्रस्ताव एकामागून एक येत होते. त्यांनी उलट प्रस्ताव मांडला: प्रत्येक भागात केंद्र हवं, ते किती तास उघडं, किती माणसं, किती पैसे, हे कायद्यात लिहा. त्यांचा मसुदा तसाच्या तसा मंजूर झाला नाही, पण पुढं सरकारी योजनांत त्याचा मजकूर झिरपत गेला. तत्त्वज्ञानातून आकड्यांकडं आणि खाटांकडं यायला फ्रांकोंना आयुष्य पुरलं नाही. ते काम फ्रांकांनी केलं, कंटाळवाणं, समितीच्या बैठकींचं. इटलीतली शेवटची जुनी मनोरुग्णालयं रिकामी व्हायला 1990 च्या दशकाची अखेर उजाडली. 13 जानेवारी 2005 रोजी फ्रांका व्हेनिसमध्ये वारल्या.

त्रिएस्ते 1987 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र झालं. देशोदेशींचे डॉक्टर, परिचारक, नातेवाईक बघायला येतात. सान जोव्हान्नीच्या आवारात आता विद्यापीठाचे विभाग आहेत, शाळा आहे, हजारो जातींच्या गुलाबांची बाग आहे, सहकारी संस्थेनं चालवलेलं ‘स्ट्रॉबेरीची जागा’ अशा अर्थाच्या नावाचं उपाहारगृह आहे. निळा घोडाही अजून कामावर आहे. 2013 मध्ये त्याला ट्रकवर चढवून इटलीतल्या गुन्हेगार मनोरुग्णांच्या कोठड्यांपुढं नेलं, कारण 1978 च्या कायद्यानं त्यांना हात लावला नव्हता. 2015 मध्ये त्या बंद करण्याचा आदेश अंमलात आला.

रोतेल्ली मार्च 2023 मध्ये गेले. त्याआधी, 2021 मध्ये, त्रिएस्तेतल्या एका केंद्राच्या प्रमुखाच्या नेमणुकीवरून वाद पेटला. प्रादेशिक सरकार सेवेची रचना मोडत आहे, या परंपरेबाहेरची माणसं आणत आहे, असा जुन्यांचा आरोप. सरकारचं म्हणणं, निवड नियमानं झाली. परदेशांतूनही निषेधाची पत्रं आली. दुसऱ्या बाजूला इटलीतल्या अनेक रुग्णालयांच्या मनोविकार विभागांत दारं आजही बंद असतात आणि खाटेला बांधण्याची पद्धत चालू आहे. म्हणजे रात्रीच्या नोंदी होत असणार, आणि सकाळी त्यांवर कुणीतरी सही करत असणार. कायदा 180 बदलण्याचे मसुदेही संसदेत अधूनमधून येतच असतात. त्रिएस्तेचे लोक त्या त्या वेळी रोमला जातात, समितीपुढं बसतात, आणि केंद्र चोवीस तास उघडं ठेवायला किती माणसं लागतात त्याचा हिशेब मांडतात.